मदत हवी आहे: आजोबांच्या पार्कर ५१ चं टोपण मूळचंच आहे का?

नमस्कार मंडळी,

आजोबांचं कपाट आवरताना त्यांचं पार्कर ५१ हे शाईचं पेन सापडलं. मिलिटरी अकाउंट्समधल्या नोकरीत सगळी वर्षं त्यांनी याच पेनाने लिहिलं. ते जुन्या बाजारातून घेतलं होतं, एवढं आजीला आठवतं. ते घराबाहेर न्यायची दुसऱ्या कुणालाच परवानगी नव्हती.

पेन गडद मरून, टोपण स्टीलचं. टोपणाला आटे नाहीत, नुसतं सरकवायचं, शेवटच्या क्षणी ते हलकेच धरतं. बॅरल (पेनाचं मागचं अंग) उघडली की आत धातूची नळी, त्यावर दाबायची पट्टी आणि आत शाईची पारदर्शक पिशवी. ती इतक्या वर्षांनीही मऊ आहे! रबर असतं तर केव्हाच चिकट होऊन गेलं असतं. बॅरलवर 'मेड इन यू.एस.ए.' आणि शेवटी ८ हा आकडा, म्हणजे १९४८ असं मी वाचतोय.

अडलंय ते टोपणापाशी. क्लिपच्या वरच्या टोकाला निळा हिरा (हिऱ्याच्या आकाराची खूण) आहे. माझ्या वाचनाप्रमाणे हा हिरा १९४७ पर्यंतच्या पेनांवर असायचा. त्या वेळी ५१ मध्ये शाई भरायची व्हॅक्युमॅटिक पद्धत होती, मागचा दांडा दाबून शाई ओढायची. पट्टीची एरोमेट्रिक पद्धत आली १९४८ मध्ये. मग टोपण आधीचं आणि पेन नंतरचं, हे कसं? कारखान्यातच शिल्लक टोपणं वापरली असतील, की जुन्या बाजारात कुणी जोडी लावली असेल? व्हॅक्युमॅटिकचं टोपण एरोमेट्रिकला नीट बसतं का, हे दोन्ही हाताळलेल्या कुणीतरी सांगा.

हे पेन समजून घेताना मी हरखून गेलोय. १९३९ मध्ये कंपनीला ५१ वर्षं झाली, म्हणून हे नाव. अमेरिकेत ते १९४१ मध्ये विक्रीला आलं. लवकर वाळणारी शाई वापरायची, तर ती निबेवरच वाळणार, म्हणून निब झाकली. ती शाई सेल्युलॉइड हे जुनं प्लास्टिक खायची, म्हणून अंग ल्युसाइटचं, म्हणजे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचं केलं. झाकलेल्या भागात बारीक पात्यांचा कलेक्टर आहे, जास्तीची शाई तो धरून ठेवतो. इतका देखणा आकार, आणि तो शाईच्या गरजेतून आलाय!

आता दुसरी मदत. कलेक्टरमध्ये जुनी शाई घट्ट झाली आहे. तीन दिवस साध्या पाण्यात ठेवलं, अजून निळं पाणी येतंय, पण लिहिताना दोन ओळींनंतर रेघ तुटते. पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यांनी पाहताक्षणी पकडीने पुढचं आवरण फिरवायला घेतलं. ते लाखेने चिकटवलेलं असतं, आधी ऊब द्यावी लागते. मी घाईघाईने पेन परत घेतलं.

पुण्यात ५१ स्वतः उघडून पुन्हा बसवणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अप्पा बळवंत चौकात मी फिरून आलोय. आणि पाण्यात थोडा अमोनिया घालून भिजवल्याने पिशवीला किंवा ल्युसाइटला काही होतं का? करून पाहिलेल्यांनीच सांगावं, ही विनंती. टोपणाचे आणि ८ च्या आकड्याचे फोटो रात्री टाकतो.