रोवन अ‍ॅटकिन्सन: तुमच्या घरातला मिस्टर बीन सांगा

मिस्टर बीनचा पहिला भाग १ जानेवारी १९९० रोजी ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर लागला. भाग झाले जेमतेम पंधरा. आपल्यापैकी बऱ्याच जणांची त्याच्याशी गाठ पडली ती नंतर, पोगोवर. बीनचं काम करणाऱ्या रोवन अ‍ॅटकिन्सनवर माझा फार जीव आहे आणि त्याला कारण माझी आजी. तिची आठवण आधी सांगते, मग तुम्ही तुमच्या लिहा.

आजी मिरजेची. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजीचा गंध नाही. शाळेतून आले की आम्ही दोघी शेंगा सोलत टीव्हीपुढे बसायचो. तिचा लाडका भाग बागेतल्या सँडविचचा. बाकावर शेजारी एक गृहस्थ शांतपणे खातोय आणि बीन कोटातून एकेक वस्तू काढतोय. पाव कात्रीनं कापतो, लोणी क्रेडिट कार्डानं लावतो, सॅलडची पानं धुऊन मोज्यात घालतो आणि गरागरा फिरवून पाणी झाडतो. इथं आजीच्या मांडीवरचं सूप हलायचं, दाणे फरशीभर. बरणीतले जिवंत मासे आले की पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघायची आणि विचारायची, "झालं का गं?" शेवटी बीनला शिंक येते, सगळं खाली सांडतं आणि तो शेजारी आपल्यातलं सँडविच पुढे करतो. दर वेळी आजी म्हणायची, "दिलं की नाही बघ त्यानं!" एवढ्या हसण्यातून ती हेच उचलून घ्यायची.

वसईहून
मी चर्चच्या गायनमंडळात गाते. पहिल्याच भागात बीन चर्चमध्ये बसलाय. झोप आवरत नाही, गोळी गुपचूप तोंडात टाकायची धडपड चाललीय. स्तोत्राचे शब्द येत नाहीत, पण 'आलेलुया' आलं की छाती फुगवून सुरू! शेजारी बसलेले रिचर्ड ब्रायर्स नुसत्या नजरेनं काय काम करतात ते मुद्दाम बघा. ईस्टरच्या मिसाला 'आलेलुया' आलं की आम्ही बहिणी अजून एकमेकींकडे बघत नाही.

सोलापूरहून
कर्णबधिर मुलांना शिकवते. एरवी टीव्हीवरचा विनोद मी आधी खुणांनी सांगते, मग मुलं हसतात. बीनचा परीक्षेचा भाग लावला त्या दिवशी ती माझ्या आधी हसली.

पुण्याहून, पूर्वी लंडनला
२७ जुलै २०१२, ऑलिम्पिकचं उद्घाटन. सायमन रॅटल लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन उभे, आणि कॅमेरा सरकत येतो तो एकाच सुरावर बोट आपटणाऱ्या अ‍ॅटकिन्सनवर. आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी खालून मला हाक मारून बोलावलं होतं. माझ्या तोंडून "मिस्टर बीन!" निघालं, तर त्या म्हणाल्या, आमच्यासाठी हा आधी ब्लॅकअ‍ॅडर. पुढच्या रविवारी त्यांनी मला त्याच्या त्या विनोदी मालिकेचा १९८९चा शेवटचा भाग दाखवला. पहिल्या महायुद्धातले खंदक, मरणाच्या तोंडावरही चाललेली थट्टा, आणि मग सगळे खंदकातून वर चढतात. पडद्यावर उरतं खसखशीच्या लाल फुलांचं रान. त्यांचे मोठे काका त्या युद्धातून परतले नव्हते. एवढा वेळ हसवून शेवटी असं गप्प करणारं दुसरं काही मी टीव्हीवर पाहिलेलं नाही.

नागपूरहून
मी बोलताना अडखळतो. अ‍ॅटकिन्सनही अडखळतो आणि त्याला 'ब' जड जातो, हे कळलं तेव्हा मी अकरावीत होतो. न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पुढे ऑक्सफर्डला त्यातच पदव्युत्तर शिक्षण, आणि तरी हा माणूस रंगमंचावर गेला. पात्रात शिरलं की अडखळणं जातं, असं त्यानं सांगितलेलं वाचलं आणि ते डोक्यातून जाईना. त्याआधी एका शिक्षकांनी मला वर्गात वाचायला उभं करणंच सोडून दिलं होतं.

कॉलेजच्या एकांकिकेत मी पोस्टमनचं काम मागून घेतलं. वाक्यं चारच. घरी आरशापुढे खाकी टोपी घालून म्हणायचो, कारण टोपीशिवाय जमत नव्हतं. प्रयोगाला पहिलंच वाक्य होतं, "बाई, पत्र आहे." 'ब' निघाला. पुढची तीनही वाक्यं निघाली.