दोष सीजीचा नाही, कात्रीचा

कुणीतरी म्हटलंय की जुन्या अ‍ॅक्शनपटांत सगळं खरं असायचं आणि सीजीने (संगणकावर बनवलेल्या दृश्यांनी) वाट लावली. अर्धंच पटलं. लबाडी तेव्हाही होतीच की! 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मध्ये हॅरिसन फोर्डच्या तोंडासमोर फणा काढलेला नाग आठवतोय? दोघांच्या मध्ये काच होती, आणि जुन्या प्रिंटमध्ये त्या काचेत नागाचं प्रतिबिंब चक्क दिसायचं. नंतर ते पुसलं.

पण त्याच सिनेमातला ट्रकचा पाठलाग बघा. हिरो चालत्या ट्रकखालून सरपटत मागे जातो. स्टंटमनला जागा मिळावी म्हणून रस्त्यात मधोमध चर खणला होता. ही करामत त्याहून जुनी, १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्येही होती. स्टंटमन याकिमा कनट धावत्या घोड्यांच्या मधून घसरत बग्गीखालून निघाला होता. दोन्हीकडे माणूस कुठे आहे, चाक कुठे आहे हे आपल्याला दिसत राहतं, म्हणून पोटात गोळा येतो.

आताच्या अ‍ॅक्शनपटांत दर सेकंदाला कट, म्हणजे संकलकाची कात्री. कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, नुसता धुरळा.

आणि नवीन म्हणजे वाईट असंही नाही हं. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) मध्ये कट भराभर आहेत, सीजीही भरपूर आहे, पण दिग्दर्शक जॉर्ज मिलरने महत्त्वाची हालचाल फ्रेमच्या मध्यावरच ठेवली, त्यामुळे डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. धावत्या गाड्यांवरच्या उंच काठ्यांवर झुलणारी माणसंही खरीच होती.