निर्जन बेटावर सोबत न्यायची गाणी : तुमचा अनुभव लिहा

दोन वर्षांपूर्वी आजारपणात तीन आठवडे घरात एकटी होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आवडतं गाणं वेगळं आणि सोबतीचं गाणं वेगळं. 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' हे माझं जन्माचं लाडकं गाणं. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. त्या तीन आठवड्यांत ते एकदाच लावलं आणि दुसऱ्या कडव्याआधी बंद केलं. रिकाम्या घरात सोसवेना. रोज लावलं ते 'इंद्रायणी काठी'. सकाळी, चहाचं आधण ठेवलं की. भीमसेनजींचा आवाज आला की घरात कुणीतरी वडीलधारं माणूस वावरतंय असं वाटायचं.

तेव्हापासून निर्जन बेटाचा तो जुना खेळ मला फार जवळचा झाला. बीबीसीच्या रेडिओवर रॉय प्लॉम्ली यांनी तो २९ जानेवारी १९४२ला सुरू केला, ऐन युद्धात. पाहुण्याला विचारायचं : ओसाड बेटावर एकट्यानं राहायचं आहे, आठ तबकड्या कोणत्या न्याल? बायबल आणि शेक्सपिअर तिथं आधीच असतात, शिवाय मनासारखं एक पुस्तक आणि चैनीची एक वस्तू. त्या काळची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. एकेकच बाजू धरली तर सगळं मिळून जेमतेम अर्धा तास!

मंडळी, आठ लिहायलाच हवीत असं नाही. एकच लिहा, पण का ते लिहा. आणि मन घट्ट करून जे मागं ठेवलंत तेही लिहा. मला त्याचं जास्त कुतूहल आहे.

अलिबागहून

मी खरोखरच समुद्रावर राहतो म्हणून लिहितो. मर्चंट नेव्हीत इंजिनला आहे, एका वेळी सहा महिने. पहिल्या सफरीला दोनशे गाणी भरून नेली होती, सगळी आवडती. दुसरा महिना सरताना त्यातली दीडशे ऐकवेनाशी झाली. गाणी वाईट नव्हती. पण पहिल्याच ऐकण्यात जे सगळं हाती देतं, ते लवकर संपतं.

टिकलं ते गीतरामायण. माडगूळकर-फडक्यांची ही ५६ गाणी पुणे आकाशवाणीवरून १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, आठवड्याला एक अशी लागली होती. आमचे आजोबा त्यासाठी शेजारच्यांच्या ओटीवर जाऊन बसत. मीही तोच नियम घातला, रविवारी एक. वॉच म्हणजे इंजिनावरची पाळी संपली, कानावरचे मफ काढले तरी तासभर इंजिन डोक्यात चालूच असतं. ते ओसरलं की बंकवर पडून बाबूजी ऐकायचे. शब्दन् शब्द स्वच्छ, समोर बसून कुणी समजावून सांगावं तसा. सहा महिन्यांत सव्वीस गाणी झाली आणि घर आलं. उरलेली पुढच्या सफरीला.

नेणार नाही ते 'सागरा प्राण तळमळला'. शाळेत शंभरदा म्हटलंय. सावरकरांना ते १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलं, हेही पाठ होतं. पण एकदा आमचं जहाज बंदराबाहेर अकरा दिवस नांगरून होतं. गावातले दिवे दिसत होते आणि उतरता येत नव्हतं. कुणीतरी मेसमध्ये ते लावलं. मी उठून डेकवर गेलो आणि ते संपेपर्यंत आत आलो नाही.

बार्शीहून

माझी यादी एकाच गाण्याची आहे आणि ते कुठल्याही तबकडीवर नाही. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. २०११च्या पावसाळ्यात दोन दिवस वीज नव्हती, गिरणी बंद, म्हणून तिनं कोपऱ्यातलं जातं पुन्हा मांडलं. मी तिच्या नकळत माझ्या साध्या मोबाइलवर ते टिपून घेतलं. दोन मिनिटांचं आहे.

जातं फिरतंय तोवर ओवी चालते. वैरण घालायला हात खुंट्यावरून निघाला की ओवी तिथंच थांबते. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात पडते, ते बारीक ऐकू येतं, आणि मग पुढचा शब्द. लहानपणी मला वाटायचं की ओवीत मधे असं थांबायचंच असतं. शाळेत बाईंनी सलग म्हणून दाखवली तेव्हा त्या चुकल्या असंच वाटलं होतं.

त्या दोन मिनिटांत आजी भावाला बोलावते आहे. दारी ये, न्यायला ये. ती गेल्यावर आईनं मला सांगितलं, आजीला सख्खा भाऊ नव्हताच. मग ती इतकी वर्षं कुणाला हाक मारत होती? हे तिला विचारायचं राहून गेलं. हेमा राइरकर आणि गी पॉइटवां यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत. त्यातल्या भावाच्या ओव्या मी शोधून शोधून ऐकते. कुणाची तरी वाट बघणारी ती एकटीच नव्हती, एवढं त्यातून कळतं.

डोंबिवलीहून

'शुक्रतारा'. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. आमचे हे गात नसत, पण बाईंची ओळ आली की माझ्याकडे बघत. दुसरं काही नको.

बर्लिनहून

मी गाणं नेणार नाही, आकाशवाणीची पहाटेची धून नेईन. खाली तंबोरा, वर व्हायोलिन. आमच्याकडे बाबा अंधारातच रेडिओ लावून ठेवत. आधी नुसती खरखर, मग ती धून, मग आईच्या बांगड्या आणि बंबात लाकडं सारल्याचा आवाज. अजून डोळे उघडलेले नसायचे. उठायला अवकाश आहे आणि घरात सगळे आहेत, ही खात्री मला पुन्हा कुठल्याच संगीतानं दिलेली नाही.

ती धून कुणाची हे फार उशिरा कळलं. वॉल्टर कॉफमन. याच बर्लिनमध्ये संगीत शिकलेला ज्यू संगीतकार, नाझींमुळे युरोप सोडून १९३४ साली मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीत संगीताचं काम पाहू लागला. कामावर जाताना त्याची फार आठवण येते. त्याचं सगळं सुटलं होतं, आणि त्यानं आमच्या घराला सकाळ दिली.

मिरजेहून

सोळा वर्षं गाणं शिकले. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागेना, तेव्हा बंद केलं. सात वर्षं झाली. तबकडी एकच, किशोरीताईंचं 'सहेला रे'. भूप राग किती मोठा आहे ते विसरू नये म्हणून.

बाकी सातांच्या बदल्यात मला तंबोरा न्यायचा आहे. इथल्याच कारागिरांनी केलेला, माझ्याकडे आहे तोच. पंचम, जोडाचे दोन षड्ज, खर्ज. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर पुढंमागं सरकवत जायचं. आधी तार नुसती टणटणते. मग एका जागी अचानक उघडते आणि खोली भरून जाते. तीच जवारी. गाणं सोडलं तरी दर दसऱ्याला मी हे करते. खाऱ्या हवेत तारा गंजतील, म्हणून नव्या तारांची वेटोळी आणि दोऱ्याचं रीळ बरोबर हवं.

आणि तिथं मी गाईन. मंद्रातच, खालच्या सुरांत, जेवढं उरलं आहे तेवढं.

पुन्हा मी

मिरजेच्या ताई, बेटाची वाट बघू नका. मंद्र घरीही गाता येतो.

तुमचं सगळ्यांचं वाचताना मला सारख्या गायिका केसरबाई केरकर आठवत होत्या. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या पाठवल्या. पृथ्वीवरचं जेमतेम दीड तासाचं संगीत, २७ तुकडे. त्यात भारताचा एकच : गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. ती रेकॉर्ड मिळता मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती प्रत तेव्हा कुणी जपून ठेवली नसती तर? हा विचार आला की मला बार्शीच्या ताईंची काळजी वाटते.

ताई, ती दोन मिनिटं अजून जुन्या मोबाइलमध्येच असतील तर आजच्या आज दोन ठिकाणी उतरवून घ्या, एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. माझ्या आईचा आवाज एका मेमरी कार्डाबरोबर गेला. दुकानदारानं खूप खटपट केली, काही निघालं नाही. आणि जमेल तेव्हा आजींची ओवी इथं लिहा. जिथं त्या वैरण घालतात तिथं जागा सोडून.