लेकीसाठी पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. लेक ११ वर्षांची. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, ते ऐकल्यापासून तिनं हेच धरलंय. दोन महिने रेंजवर जाते. सहाव्या शॉटला मनगट खाली यायला लागतं. स्वतःचं पिस्तूल घेऊ का? .२२ (खऱ्या काडतुसाचं) की एअर (हवेच्या दाबाचं)?

उत्तर १: ताई, .२२ आत्ता नकोच, त्याला परवाना लागतो. ४.५ मिमी छर्ऱ्याचं एअर पिस्तूलच घ्या. मॅचचं पिस्तूल किलोभर भरतं, म्हणून वजन आणि ग्रिप (धरायची मूठ) आधी बघा. माझ्या मुलाला मी वाढत्या हाताचा विचार करून मोठी ग्रिप घेतली. बोट ट्रिगरपर्यंत धड पोचेना, छर्रे सगळे डावीकडे! लहान ग्रिप बसवली तेव्हा कुठे छर्रे एका जागी लागायला लागले. तिचा हात मापून, तिलाच धरायला देऊन घ्या.

उत्तर २: घाई नको. अजून काही महिने क्लबचंच वापरू द्या, आणि दोन शॉटच्या मध्ये हात टेकवायला सांगा. घेतलंत तर पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात, किल्ली तुमच्याकडे.

प्रश्नकर्ती: दादा, रविवारी कोचसमोर ग्रिप मापून घेते.