शब्दचर्चा : माशांचे डोळे अंधाराला ‘सरावतात’ की ‘उत्क्रांत होतात’?

पानफुटी :
सहावी-सातवीच्या मुलांसाठी समुद्रावर एक पुस्तिका लिहिते आहे. त्यात वाक्य आहे, ‘खोल समुद्रातल्या माशांचे डोळे तिथल्या अंधाराला सरावलेले असतात.’ संपादकांनी ‘सरावलेले’ खोडून ‘उत्क्रांत झालेले’ केलंय. मुलांच्या तोंडी ते जड वाटतं. ‘डोळे सरावणे’ हा आपला रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार, लाइट गेले की घरोघरी ऐकू येणारा. तो का टाकायचा? आणि दुसरं, ‘रंगांध’ हा शब्द मासे, माकुलं (स्क्विड) यांना लावावा का?

फळाखडू :
संपादक बरोबर आहेत. सराव वेगळा, उत्क्रांती वेगळी. ‘उत्क्रांत’ जड वाटत असेल तर शाळेत आम्ही ‘अनुकूलन’ शिकवतो, तो शब्द घ्या.

खाडीकाठ :
पानफुटीताई, ‘सरावलेले’ खोडलं ते योग्यच. पण त्या जागी जे आलं त्यानं काम भागत नाही. ‘अनुकूलन’नेही भागत नाही, कारण मग ‘अनुकूलन घडून आलेले असते’ असं लिहावं लागतं आणि वाक्यातला जीवच जातो. इथे चांगलं क्रियापद हवं.

आधी ‘सरावणे’ची हद्द पाहू. लाइट गेल्यावर डोळे सरावतात ते एका माणसाचे, वीस-तीस मिनिटांत, आणि लाइट आले की ते सरावणं संपतं. म्हणजे एक जीव, थोडा वेळ, आणि पुन्हा मूळपदावर. माशांमध्ये हेही होतं, आणि फार सुंदर रीतीनं होतं. आपली बाहुली अंधारात मोठी होते. हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांची बाहुली लहान-मोठी होत नाही. त्यांच्या दृष्टिपटलातल्या पेशीच जागा बदलतात. दिवसा रंग ओळखणाऱ्या शंकाकार पेशी आखडून उजेडाच्या बाजूला येतात आणि मंद उजेडाच्या दंडाकार पेशी लांब होऊन मागच्या काळ्या थरात दडतात. सांज झाली की उलट : दंडाकार पुढे, शंकाकार मागे. रोज संध्याकाळी, रोज सकाळी. याला ‘डोळे सरावले’ म्हणा, अगदी चपखल आहे.

पण तुमच्या वाक्यातली गोष्ट ही नाही. सैबेरियातलं बैकल सरोवर १६४२ मीटर खोल आहे. तिथे स्कल्पिन नावाच्या एकाच गोतातल्या माशांच्या जाती काठापासून थेट तळापर्यंत पसरल्या आहेत. काठच्या उथळ पाण्यातल्या जातींच्या दंडाकार पेशींमधलं प्रकाश टिपणारं द्रव्य ५१६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे हिरव्या, उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतं. तळाकडच्या जातींत तो आकडा ४८४ पर्यंत, निळ्याकडे, सरकलेला आहे. खोल, नितळ पाण्यात शेवटपर्यंत पोचतो तो निळा उजेड, म्हणून. हा फरक त्या माशांच्या जनुकांत आहे. तळाचा मासा काठाच्या उजेडात कितीही दिवस ठेवला तरी त्याचं जनुक बदलणार नाही. हा सराव नव्हे.

उलट दिशेचं उदाहरण हेरिंगचं. आपल्या तारलीच्या गोतातला मासा. अटलांटिकमधले हेरिंग बाल्टिक समुद्रात शिरले ते हिमयुग सरल्यावर, गेल्या दहा हजार वर्षांत. बाल्टिकचं पाणी मचूळ आणि पिवळसर, त्यात निळा उजेड लवकर विरतो. या हेरिंगच्या ऱ्होडॉप्सिन या, दंडाकार पेशींत प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनात २६१ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) बदललंय, फेनिलअॅलनिनच्या जागी टायरोसिन, आणि तेवढ्यानं त्यांची नजर तांबड्याकडे सरकली. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली : मचूळ किंवा गोड्या पाण्यात गेलेल्या, एकमेकांशी जवळचं नातं नसलेल्या कितीतरी माशांत याच जागेवर हाच बदल स्वतंत्रपणे झालेला आहे. मला हे वाचून अजून थरारल्यासारखं होतं.

आता याला क्रियापद कोणतं? माझं मत, मराठीत ते तयार आहे : ‘-त जाणे’. घडत गेले, सरकत गेले, मोठे होत गेले, झिजत गेले. या रूपात दोन गोष्टी आपोआप येतात. काळ लांबतो आणि करणारा कुणी लागत नाही. ‘माशांनी मोठे डोळे उत्क्रांत केले’ अशी वाक्यं हल्ली दिसतात, ती मराठी नाहीत. मासा काही करत नाही. तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘खोल समुद्रातल्या माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या अंधाराजोगे होत गेले.’ सहावीतल्या मुलाला कळेल आणि संपादकांनाही हरकत घेता येणार नाही.

रोजनिशी :
‘अंधाराजोगे’ छान. पण मग ‘बेतलेले’ का नको? ‘निळ्या उजेडाला बेतलेला डोळा’. नेमकं मापात बसल्याची भावना येते.

खाडीकाठ :
बेतणारा शिंपी असतो, आधी माप घेतो आणि मग कापड कापतो. इथे माप कुणी घेतलेलं नाही. वाक्य कानाला गोड लागतं, पण मुलाच्या मनात कुणीतरी कात्री घेऊन उभा राहतो.

याहून मोठा घोटाळा ‘-वा म्हणून’ करतो. ‘निळा उजेड दिसावा म्हणून डोळे बदलले.’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांत, माहितीपटांच्या निवेदनांत सगळीकडे आहे, आणि ते चूक आहे. बदल आधी होतो, कशासाठीही नाही, नुसता होतो. मग ज्यांना त्या पाण्यात जरा बरं दिसलं त्यांना भक्ष्य मिळालं, शत्रू वेळेवर दिसला, त्यांची पिल्लं टिकली. तेव्हा लिहायचं असं : ‘ज्यांना निळा उजेड बरा दिसला ते टिकले, म्हणून आज तिथल्या माशांचे डोळे असे आहेत.’ दोन्हीकडे ‘म्हणून’च आहे, पण पहिला हेतू सांगतो, दुसरा कारण. ‘टिकणे’ हे क्रियापद मराठीत असताना उत्क्रांती समजावणं अवघड जाऊ नये.

फळाखडू :
मान्य, वर्गात हे सांगून पाहीन. पण एक शंका. सामन (सॅल्मन) मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. त्याची नजर त्या प्रवासात बदलते असं वाचलंय. ते तुमच्या कोणत्या क्रियापदात बसवायचं? एका जीवातलं आहे, म्हणजे ‘सरावणे’?

खाडीकाठ :
सर, फार मोलाचा प्रश्न. दृष्टीच्या द्रव्यात दोन घटक असतात : ऑप्सिन हे प्रथिन आणि त्याला चिकटलेला अ-जीवनसत्त्वापासून झालेला छोटा रेणू. या रेणूचे दोन प्रकार आहेत. समुद्री माशांत बहुतेक पहिला, गोड्या पाण्यातल्या पुष्कळ माशांत दुसरा. दुसऱ्यानं नजर तांबड्याकडे झुकते, आणि नदीच्या गढूळ पाण्यात त्याचा उपयोग होतो. जॉर्ज वाल्ड यांनी हे गोड्या पाण्यातल्या माशांत शोधलं. दृष्टीच्या रसायनावरच्या कामासाठी त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं. सामन नदीकडे वळला की त्याच्या डोळ्यातला पहिला प्रकार कमी होतो, दुसरा वाढतो. पहिल्याचा दुसरा करणारं विकर (एन्झाइम) २०१५ मध्ये झेब्राफिश आणि बेडकात सापडलं.

याला मी ‘पालटणे’ म्हणेन. ऋतू पालटतो, तशी सामनची नजर पालटते. सरावण्याइतकं ते क्षणिक नाही आणि पिढ्यांचंही नाही. खोल समुद्रातल्या पुष्कळ माशांची पिल्लं वरच्या उजेडात वाढतात आणि मोठी झाल्यावर खाली उतरतात. तेव्हा डोळ्यात कामाला लागलेली ऑप्सिनं वेगळी होतात. तेही पालटणंच. पालटण्याची ही सोय मात्र पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलेली आहे.

वेंगुर्ल्याचा :
आमच्याकडे ‘तांबोशी’ला तांबोशी म्हणतात ती तांबूस म्हणून. राणी मासाही गुलाबी. इतका भडक रंग घेऊन हे मासे पाण्यात लपतात कसे, असं लहानपणी वाटायचं. तुम्ही निळ्याचं लिहिलंत, लाल उजेडाचं काय होतं?

खाडीकाठ :
पाण्यात सगळ्यात आधी जातो तो लाल. नितळ समुद्रातसुद्धा पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये तो जवळपास संपतो. खोल बुडी मारणाऱ्यांना हे ठाऊक असतं, तिथे हाताला खरचटलं तर रक्त हिरवट काळं दिसतं. लाल वस्तू लाल दिसते ती लाल उजेड परत पाठवते म्हणून, आणि तो उजेडच नसेल तर ती नुसतीच काळपट. तेव्हा तांबोशीचा तांबूसपणा टोपलीत खरा. ती राहते त्या खोलीवर तो मळकट करडा होतो. ‘लाल रंगाचा मासा’ लिहिताना ‘वर आणल्यावर लाल’ एवढे शब्द जोडले तर मुलांना त्यातून पुष्कळ उमगेल. खोल समुद्रातले कितीतरी मासे आणि कोळंब्या लालभडक असतात, आणि तिथे तो रंग काळ्याइतकाच दडवणारा.

याला एक अपवाद आहे. मॅलाकॉस्टियस नावाचा खोलसमुद्री मासा डोळ्याखालून स्वतःच लाल उजेड टाकतो. आजूबाजूच्या बहुतेकांना तो उजेड दिसत नाही, त्याला दिसतो. त्याच्या डोळ्यात हरितद्रव्यापासून आलेलं एक द्रव्य असतं, ते लाल उजेड टिपायला मदत करतं. हरितद्रव्य झाडांचं, शेवाळ्याचं! ते त्याच्यापर्यंत अन्नसाखळीतून पोचत असणार.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांवर झालेलं काम मुद्दाम वाचा. तिथे जवळच्या नात्यातल्या दोन जाती आहेत. एकीचे नर निळसर आणि वास उथळ पाण्यात, दुसरीचे नर लाल आणि वास जरा खोल. खोलीनुसार पाण्यातला उजेड बदलतो, त्याप्रमाणे माद्यांच्या डोळ्यांतलं ऑप्सिन वेगळं, आणि त्या डोळ्यांना जो नर उठून दिसतो त्याचीच निवड. नजर आणि रंग एकमेकांना ओढत नेतात. पाणी गढूळ झालेल्या भागांत हा भेद पुसट होत चाललाय.

पानफुटी :
माझं पहिलं वाक्य बदललं, ‘अंधाराजोगे होत गेले’ घेतलं. आता ‘रंगांध’बद्दल सांगाल?

खाडीकाठ :
टाळा. रंगांध माणूस म्हणजे इतर माणसांना जे दिसतं त्यातलं काही ज्याला दिसत नाही तो. तो शब्द उणीव सांगतो. माकुलात उणीव कुणाच्या तुलनेत?

बहुतेक माकुलांच्या आणि ऑक्टोपसांच्या डोळ्यात प्रकाश टिपणारं द्रव्य एकाच प्रकारचं असतं. रंगांतला फरक आपल्यासारखा कळायचा तर निदान दोन लागतात. आणि हाच प्राणी क्षणार्धात वाळूचा, खडकाचा, शेवाळ्याचा रंग धारण करतो. अगदी ताजं माकूल हातात घेऊन कातडीकडे नीट पाहा, त्यावरचे तपकिरी ठिपके जीव गेल्यावरही थोडा वेळ लहान-मोठे होत असतात. रंगानं भरलेल्या बारीक पिशव्या आणि त्यांना ताणणारे स्नायू, असं ते यंत्र आहे. त्याला ‘रंगांध’ म्हटलं की मुलं त्याची कीव करतील, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

देवमाशांची गोष्ट वेगळी. त्यांच्या जमिनीवरच्या पूर्वजांकडे शंकाकार पेशींचे दोन प्रकार होते, त्यातला निळ्याकडचा देवमाशांत निकामी झाला. खोल बुड्या मारणाऱ्या काही जातींत तर फक्त दंडाकार पेशीच कामाच्या उरल्या. इथे ‘गमावला’ म्हणता येईल, कारण आधी होता. माकुलाला ‘गमावला’ लावू नये. पुष्कळशा मोरींच्या (शार्क माशांच्या) डोळ्यातही शंकाकार पेशींचा एकच प्रकार आढळतो.

रोजनिशी :
मग ‘रंगभेद न कळणारा’ लिहिलं तर?

खाडीकाठ :
‘रंगभेद’ म्हटलं की दक्षिण आफ्रिका आठवते, मुलांच्या पुस्तकात तर नकोच. ‘रंगांतला फरक कळत नाही’ असं सरळ लिहा. ‘दिसणे’ आणि ‘कळणे’ हा फरकही इथे जपायला हवा. मँटिस श्रिंप या कोळंबीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यात रंगांसाठी बारा प्रकारच्या पेशी आहेत, आपल्याकडे तीन. म्हणून त्याला आपल्याहून कितीतरी जास्त रंग दिसत असतील असं सगळीकडे लिहिलं जातं. २०१४ मध्ये तपासलं तेव्हा आपल्याला सहज वेगळ्या वाटणाऱ्या जवळजवळच्या छटा त्याला ओळखता येईनात. पेशी जास्त म्हणून ‘जास्त कळतं’ असं लिहायची घाई नको. चंदेरी स्पाइनीफिन या खोलसमुद्री माशात दंडाकार पेशींच्या ऑप्सिनची ३८ जनुकं सापडली, २०१९ मध्ये. आपल्याकडे एक. त्यामुळे त्याला अंधारातही रंग ओळखता येत असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. तिथे ‘असावेत’च लिहायचं.

फळाखडू :
जाता जाता, ‘रंगद्रव्य’. कातडीतलंही रंगद्रव्य आणि डोळ्यातलंही रंगद्रव्य. वर्गात हमखास गोंधळ होतो.

खाडीकाठ :
डोळ्यातल्याला ‘प्रकाश टिपणारं द्रव्य’ म्हणू या, वर मी तेच वापरलंय. ‘ऑप्सिन’ तसंच ठेवा, मुलं उचलतात. आणि कातडीतसुद्धा प्रत्येक रंगाला रंगद्रव्य लागत नाही. पापलेटची, बांगड्याची चंदेरी चमक ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या पातळ स्फटिकांच्या थरांवरून परतणाऱ्या उजेडाची असते. बहुतेक माशांचा निळाही तसाच, निळं रंगद्रव्य मँडरिन माशासारख्या थोड्यांतच आहे. तेव्हा ‘चंदेरी रंगद्रव्य’ कुठे लिहिलं असेल तर तेवढं काढा, नुसतं ‘चंदेरी’ पुरे.