मदत हवी आहे: हेन्री पार्क्सची गोष्ट मुलांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी. मी सिडनीत राहते आणि रविवारच्या मराठी वर्गात दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना शिकवते. पुढच्या महिन्यात प्रत्येक शिक्षकाने इथल्या एका माणसाची गोष्ट वीस मिनिटांत मराठीतून सांगायची, असं ठरलंय. मी हेन्री पार्क्सला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या एका मोठ्या पुढाऱ्याला निवडलं आणि आता दोन ठिकाणी अडकलेय.

त्यालाच का निवडलं, तर माझे बाबा सावंतवाडीला लेथवर लाकडी भोवरे आणि लाटणी करायचे. पार्क्सचं कसबही तेच, फक्त लाकडाच्या जागी हाड आणि हस्तिदंत. १८१५ साली इंग्लंडात वॉरविकशरमध्ये एका कूळ-शेतकऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. वडिलांची कसायची जमीन गेली, तेव्हा या पोराने दिवसाला चार पेन्सवर दोरखंड वळायचं काम केलं, रस्त्यावर खडी फोडली. मग बर्मिंगहॅमला एका कारागिराकडे उमेदवारी केली, स्वतःचा धंदा काढला, तो बुडाला. पहिली दोन मुलं तान्ही असतानाच गेली. १८३९ मध्ये नवराबायको सरकारी मदतीच्या तिकिटावर ऑस्ट्रेलियाला निघाले. जहाज सिडनीला लागायला दोन दिवस असताना समुद्रातच त्यांना मुलगी झाली.

इथे मनासारखं काम मिळेना, म्हणून पेनरिथजवळच्या एका मोठ्या जमीनदाराकडे तो मजूर म्हणून राहिला. वर्षाला २५ पौंड आणि शिधा. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पहिले काही महिने एक जुनं दार आडवं टाकून त्यावरच ते झोपायचे. ते वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटू शकले नाही. पुढे लोखंडी सामानाचं दुकान, पितळेचा ओतकारखाना, जकात खात्यातली नोकरी असं करत १८४५ मध्ये त्याने पुन्हा स्वतःचा लेथ मांडला. हंटर स्ट्रीटवरच्या दुकानात हस्तिदंती वस्तूंबरोबर खेळणीही असत. राजकारणाच्या गप्पा त्याच दुकानात रंगू लागल्या. १८५० मध्ये त्याने ‘एम्पायर’ वर्तमानपत्र काढलं, १८५४ मध्ये तो कायदेमंडळावर निवडून आला आणि पुढे पाच वेळा न्यू साउथ वेल्स या इथल्या ब्रिटिश वसाहतीचा पंतप्रधान झाला (तेव्हा वसाहतीच्या सरकारच्या प्रमुखाला तसंही म्हणत). शाळा जेमतेम झालेली, बोलताना ‘ह’ गाळायचा, त्यावरून मोठ्या घरातली माणसं टिंगल करायची. तीनदा दिवाळं निघालं, तरी त्याने राजकारण सोडलं नाही. १८८० चा शिक्षण कायदा त्याच्याच सरकारचा.

आता अडचण. पहिली साधी आहे: हाडाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू लेथवर घडवणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं? ‘लेथवाला’ म्हटलं तर मुलांना कारखान्यातलं मशीन आठवेल.

दुसरीने माझी झोप उडवली आहे. मे १८८८ मध्ये ‘अफगाण’ नावाचं जहाज चिनी प्रवाशांना घेऊन सिडनीला आलं. मेलबर्नने ते आधीच परत धाडलं होतं. पार्क्सच्या सरकारने प्रवाशांना उतरू दिलं नाही. त्यातल्या काहींना अडवणं बेकायदा आहे, असं कोर्टाने सांगितलं. त्याच दिवसांत त्याने घाईघाईने नवा कायदा मांडला: येणाऱ्या चिनी माणसावर १०० पौंडांचा कर, आणि जहाजाच्या दर ३०० टनांमागे एकच चिनी प्रवासी. शंभर पौंड म्हणजे मजूर पार्क्सची चार वर्षांची कमाई! त्या काळी सिडनीत कितीतरी चिनी कारागीर फर्निचर घडवून पोट भरत होते. ती त्याच्यासारखीच हाताच्या कसबावर जगणारी माणसं.

हे गाळावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. पण जुन्या दारावर झोपणाऱ्या माणसावर मुलांचा जीव जडल्यावर हे कसं सांगू? कुणी मुलांना असं काही सांगितलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, शब्द आहे की: कातारी. लेथवर लाकूड किंवा शिंग कातणारा तो कातारी. तुमच्या बाबांचं कामही कातकामच. मुलांना एक भोवरा हातात द्या आणि मग शब्द सांगा, विसरणार नाहीत.

प्रतिसाद २

मी शाळेत इतिहास शिकवत होतो, आता निवृत्त आहे. माझ्या मते गोष्ट तीन जहाजांवर बांधा. पहिलं त्याचं स्वतःचं, १८३९ चं. दुसरं ‘हॅशेमी’. ते १८४९ च्या जूनमध्ये इंग्लंडहून कैदी घेऊन सिडनीला आलं, तेव्हा लोक भर पावसात बंदरावर जमले आणि त्यांनी विरोध केला. कैदी पाठवणं थांबवा म्हणणाऱ्या त्या चळवळीत पार्क्सही होता. तिसरं ‘अफगाण’. दोन्ही वेळा आपण कष्टकऱ्यांच्या मजुरीचं रक्षण करतोय, असंच त्याला वाटत असणार. पण कैद्यांना सरकार पाठवत होतं, आणि ‘अफगाण’वरची माणसं कामधंद्यासाठी आली होती, जसा तो आला होता. मुलांना फक्त विचारा, तिन्ही जहाजांत फरक काय? उत्तर तुम्ही देऊ नका. आमच्या वर्गात पोरं अशा प्रश्नावर तासभर भांडायची.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काका, तीन जहाजं पक्की! ‘हॅशेमी’ मी एका ओळीत उरकणार होते, आता मध्यावर घेते. बाबांनी केलेला एक भोवरा माझ्याकडे आहे, तोही नेते.

एक करायचं ठरवलंय. वर्गातल्या एका मुलाची आई चिनी आहे, ती दर रविवारी मागच्या बाकावर बसून थोडंथोडं मराठी शिकते. वर्गात सांगण्याआधी ‘अफगाण’चा भाग तिला वाचून दाखवते. ती काय म्हणाली ते इथेच लिहीन.