प्रतिसाद: पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही?

वर कुणीतरी लिहिलंय की ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरी या भागातल्या ॲबोरिजिनल (तिथल्या मूळनिवासी) पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही, म्हणून पोरं शाळेत जात नाहीत. हे अजिबात पटलं नाही. आधी कानांचं बघा. दुर्गम वस्त्यांमधल्या या मुलांत मधल्या कानाच्या इन्फेक्शनचं प्रमाण जगात सर्वात जास्त असणाऱ्यांपैकी आहे, अगदी तान्ह्या वयात सुरू होतं, एकेका घरात खूप माणसं कोंबलेली त्यामुळे परत परत होतं, पडद्याला भोक पडतं, आणि बरेचदा दुखतही नाही त्यामुळे घरच्यांना कळतच नाही की पोराला कमी ऐकू येतंय. मग ते पोर वर्गात बसतं आणि टीचर बोलतात इंग्लिश, जी त्याची तिसरी किंवा चौथी भाषा! अर्धं ऐकू येत नाही, उरलेलं समजत नाही, आणि आपण म्हणायचं लक्ष नाही.

1973 पासून तिथे मातृभाषा आणि इंग्लिश अशा द्विभाषिक शाळा सुरू झाल्या होत्या. 2008 मध्ये सरकारने फर्मान काढलं की रोजचे पहिले 4 तास फक्त इंग्लिश. मला हा निर्णय फार क्रूर वाटतो. वर शाळेचा निधी कित्येक वर्षं पटावर नाही तर हजेरीवर ठरायचा, म्हणजे जिथे मुलं कमी यायची तिथेच पैसा कमी.

तिथल्याच यिर्कला गावाने मात्र शाळेत आपली योल्ङु भाषा सोडली नाही, आणि 2020 मध्ये तिथल्या 8 मुलांनी बारावी करून युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी लागणारा स्कोअर मिळवला, गावात पहिल्यांदाच.